अश्वविद्येचे उपासक विष्णुपंत छत्रे

सर्कस हा शब्द कानी पडताच आपल्या डोळ्यांपुढे प्रथम सिंह उभा राहतो, नंतर हत्ती, मग उंच झोपाळ्यांवरून झेपावणारी माणसे आणि अखेरीस विदूषक. घोड्याची आठवण झालीच तर ती सर्वांच्या मागून. वस्तुतः सर्कशीचा जन्म घोड्याच्या पाठीवर झाला आहे. इंग्लंडात फिलिप ॲस्टली नावाच्या एका निवृत्त घोडेस्वार शिपायाने 1768 साली लंडनमध्ये घोडदौडीचे खेळ दाखविण्यास आरंभ केला. तो सकाळी लोकांना घोड्यावर बसावयास शिकवी आणि दुपारी खेळ करी. सरळ धावणाऱ्या घोड्यावर उभे राहणे कठीण, परंतु गोल रिंगणात धावणाऱ्या घोड्यावर ते साधते, हे त्याच्या ध्यानी आले. अनुभवाअंती त्याने रिंगणाचा व्यास 42 फूट ठरविला. आजही जगातील बहुतेक सर्कशींचे रिंगण त्याच मापाचे असते. म्हणजे सिंह आणि हत्ती हे पाहुणे. घरचा यजमान घोडा.

आपल्या देशातही हेच घडले. भारतीय सर्कशीचे जनक म्हणून ज्यांचे नाव आदराने घेतले जाते ते विष्णुपंत मोरेश्वर छत्रे हे मूळचे चाबूकस्वार, म्हणजे घोडे फिरविणारे आणि शिकविणारे होते. त्यांचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवावे असे आम्हांस फार दिवसांपासून वाटत होते. त्याचे कारण सर्कशीपेक्षा निराळे आहे. वर्गात दहा मिनिटे स्वस्थ न बसणारा मुलगा घरी गोठ्यात बैलाच्या मानेवर हात ठेवून अर्धा तास निश्चल उभा राहतो, हे आम्ही आमच्या रांधा गावाच्या परिसरात अनेकदा पाहिले आहे. अशा मुलाला आम्ही शिक्षक मंडळी फार लवकर मंद किंवा उनाड ठरवून मोकळे होतो. विष्णुपंतांची आठवण अशा वेळी आम्हांस थोडी लाजविते.

विष्णुपंतांचा जन्म 1840 च्या सुमारास कृष्णाकाठच्या अंकलखोप या गावी झाला. हे गाव आजच्या सांगली जिल्ह्यात आहे. ब्राह्मणाच्या घरी जन्मलेल्या मुलाने त्या काळी एकतर वेदपठण करावे, नाहीतर मोडी अक्षर घोटून कारकुनी पत्करावी, अशीच सर्वांची अपेक्षा. विष्णुपंतांचे मन या दोहोंपैकी कशातच रमले नाही. त्यांस ओढ होती ती दोन गोष्टींची, घोड्याची आणि गाण्याची. दोन्ही गोष्टी घरच्या वडीलधाऱ्यांना चैनीच्या वाटाव्यात अशाच. परंतु त्या छंदापायी हा तरुण उत्तरेस निघाला आणि थेट ग्वाल्हेरला पोहोचला. आगगाडी तेव्हा ग्वाल्हेरपर्यंत गेली नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या ओढीचा जोर कळतो.

ग्वाल्हेर ही शिंद्यांची राजधानी. तेथे बाबासाहेब आपटे नावाचे अश्वविद्येतील थोर जाणकार होते. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 च्या धामधुमीत उत्तरेत सापडले होते. त्यांनी आपल्या प्रवासवृत्तान्तात, घोड्यांची उत्तम पारख असणाऱ्या त्या काळच्या तिघांची नावे सांगितली आहेत: नानासाहेब पेशवे, झाशीची राणी लक्ष्मीबाई आणि हे बाबासाहेब आपटे. ज्या गुरूचे नाव झाशीच्या राणीच्या बरोबरीने घेतले जात होते, त्यांच्याजवळ विष्णुपंत ही विद्या शिकले. आणि त्याच नगरीत ग्वाल्हेर घराण्याचे सुप्रसिद्ध गवई हद्दूखाँ यांच्याजवळ त्यांनी ख्यालगायनाची तालीम घेतली. एकीकडे पागा, दुसरीकडे तानपुरा. या दोन विद्यांचा परस्परांशी काय संबंध, असे कोणी विचारील. आमच्या मते संबंध आहे, आणि तो श्वासाचा आहे. ज्याचा दम उथळ, त्याचा स्वर टिकत नाही. आणि ज्याचा दम उथळ, त्याच्या मांडीखालचा घोडाही स्वस्थ राहत नाही.

येथे थोडे थांबून घोड्याच्या स्वभावाविषयी लिहिणे अगत्याचे आहे, कारण विष्णुपंतांच्या साऱ्या आयुष्याची किल्ली तेथेच आहे. घोडा हा कळपात राहणारा आणि भिऊन पळणारा प्राणी. त्याला शिंगे नाहीत, नखे नाहीत; पळ काढणे हेच त्याचे संरक्षण. त्यामुळे आसपासच्या प्रत्येक जीवाच्या हालचालींकडे त्याचे सतत लक्ष असते. त्याचे डोळे डोक्याच्या दोहों बाजूंस असल्याने त्याला जवळजवळ चोहोंकडचे दिसते, आणि त्याचे कान दोन दिशांना निरनिराळे वळू शकतात. जवळ येणारा मनुष्य रागात आहे की भ्यालेला आहे, हे तो त्याच्या चालीवरून व अंग आखडण्यावरून ताडतो. वरवर हसून मनातील संताप माणसापासून लपविता येतो, घोड्यापासून लपविणे अवघड. म्हणून घोडा शिकविणाऱ्याला आधी स्वतःला शिकवावे लागते. हात सैल, खांदे मोकळे, आवाज हलका आणि श्वास लांब, हे जमल्याशिवाय घोडा जवळ येऊ देत नाही. अस्वस्थ स्वभावाच्या मनुष्याला हे गुण सांगून येत नाहीत. परंतु घोड्याजवळ रोज चार तास काढले म्हणजे नकळत अंगी येऊ लागतात. विश्रांतीच्या वेळी घोड्याचे हृदय मिनिटाला अवघे तीस-चाळीस ठोके देते. त्याच्या मानेला टेकून उभे राहिले की तो संथपणा माणसाच्या अंगातही उतरतो, असा पागेत काम करणाऱ्यांचा अनुभव आहे.

शिवाय पागेतील काम म्हणजे केवळ स्वारी नव्हे. पहाटे उठून ठाण झाडणे, अगाडी-पिछाडी सोडणे, खरारा करणे, खूर उचलून आतील घाण काढणे, पाणी दाखविणे, तोबऱ्यात चंदी घालणे, हा नित्याचा क्रम. नीट खरारा करावयाचा तर दंड, खांदे आणि कंबर यांना इतकी मेहनत पडते की निराळ्या तालमीची गरजच राहू नये. पागेत आळस खपत नाही, कारण भुकेलेला घोडा माणसाच्या सबबी ऐकून घेत नाही. ज्याला कोणाची गरज नाही असे ज्या मुलाला वाटते, त्याची रोज पहाटे कोणीतरी वाट पाहत असते. याहून मोठे औषध क्वचितच असेल.

चाबूकस्वार या शब्दातील चाबकामुळे पुष्कळांचा गैरसमज होतो. खऱ्या चाबूकस्वाराचा चाबूक अंगावर क्वचितच पडतो. तो आवाजाने व रोखाने दिशा दाखविण्यापुरता असतो. पुढे कित्येक सर्कशींत जनावरांचे हाल झाले, मारून-उपाशी ठेवून खेळ करवून घेण्यात आले, हे खोटे नाही. भारत सरकारने 1998 साली वाघ, सिंह, बिबळे, अस्वले व माकडे यांच्या खेळांस मनाई केली आणि 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई कायम केली, हे योग्यच झाले. परंतु मारून शिकविलेला घोडा उभ्या माणसाला पाठीवर घेऊन एका लयीत धावू शकत नाही. तो बिचकतो, लय तुटते आणि स्वार खाली येतो. या कामात दयाळूपणा हा केवळ सद्गुण राहत नाही, ती गरज ठरते.

ग्वाल्हेरहून परतल्यावर विष्णुपंत कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांच्या पदरी राहिले आणि तेथील पागेची व्यवस्था पाहू लागले. कुरुंदवाड हे कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे लहानसे संस्थान. नृसिंहवाडी तेथून हाकेच्या अंतरावर. तेथील अधिपती बाळासाहेब पटवर्धन हे गुणांची कदर करणारे होते. विष्णुपंतांच्या घोड्यांच्या कसरती पाहावयास लोक लोटू लागले. तरी हे सारे एका संस्थानापुरते. घोडा उत्तम फिरविणारा एक हौशी गृहस्थ एवढीच त्यांची ओळख राहिली असती. पण 1879 साली एक विलक्षण प्रसंग घडला.

त्या वर्षी जुझेप्पे कियारिनी हा इटालियन गृहस्थ आपली रॉयल इटालियन सर्कस घेऊन मुंबईस आला. खेळ पाहावयास कुरुंदवाडकर अधिपतींसमवेत विष्णुपंतही गेले. खेळ खरोखरच उत्तम होता. मात्र कियारिनीने बोलण्याच्या भरात असे काही उद्गार काढले की, हिंदुस्थानात अशी सर्कस नाही आणि येथील लोकांना ती इतक्यात साधणारही नाही. सहा महिन्यांत कोणी असे खेळ करून दाखविल्यास त्याने रोख बक्षीस आणि घोडा देऊ केला होता, अशीही कथा सांगतात. विष्णुपंतांनी ते आव्हान स्वीकारले. पुढे बक्षीस मात्र हाती आले नाही, असेही त्या कथेत पुढे येते, आणि त्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

या आव्हानात विष्णुपंतांनी काय काय पणास लावले होते, याचा विचार करण्यासारखा आहे. त्यांचे वय चाळिशीला टेकलेले. संस्थानची सुरक्षित नोकरी हाती. ब्राह्मण गृहस्थाने तंबू ठोकून, तिकिटे लावून खेळ करावयाचे म्हणजे लोकांच्या दृष्टीने तमाशाचाच प्रकार. अपयश आले असते तर पैसा गेला असता, नोकरी गेली असती आणि अब्रूही. तथापि त्यांनी कुरुंदवाडच्या पागेतील घोडे आणि आपल्या हाताखालची माणसे तयार केली आणि 20 मार्च 1880 रोजी मुंबईत ग्रेट इंडियन सर्कशीचा पहिला खेळ करून दाखविला. अधिपती पाठीशी होते. अवघ्या काही महिन्यांत हे साधले याचे कारण उघड आहे: मूळ विद्या आधीच सिद्ध होती. मराठी घोडेस्वार पिढ्यान् पिढ्या घोड्याला लांब दोरीवर गोल फिरवून शिकवीत आले होते. त्या गोल फिरविण्याला आपल्या भाषेत कावा म्हणतात. ॲस्टलीने लंडनमध्ये ज्याचे रिंगण केले, तेच आपले लोक मोकळ्या मैदानात शतकानुशतके करीत होते. फक्त भोवती खुर्च्या नव्हत्या.

रिंगणात धावणाऱ्या घोड्यावर माणूस पडत कसा नाही, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडेल. वळणावर धावताना घोडा आतल्या अंगास झुकतो आणि वर उभा असलेला स्वारही तितकाच आत झुकतो; वेग आणि वळण यांचा मेळ बसला म्हणजे पाय पाठीवर ठरतात. हा मेळ घोडा बिघडवीत नाही, माणूसच बिघडवितो. भीतीने गुडघे ताठ झाले की तोल गेलाच. म्हणून नवशिक्यांना आधी साधे बसावयास, मग रिकिबीविना, मग हात मोकळे सोडून, असे हळूहळू शिकवितात. ज्यांची पाठ वाकलेली, छाती दबलेली, अशी मुले काही महिन्यांत सरळ उभी राहू लागतात. यात चमत्कार काही नाही. घोडा चालू लागला म्हणजे स्वाराची कंबर पुढे-मागे, वर-खाली आणि डावी-उजवीकडे अशी एकाच वेळी हलते. ही हालचाल माणसाच्या स्वतःच्या चालण्याशी फार जुळणारी आहे. ज्याला नीट चालता येत नाही, त्याच्या पाठीच्या व पोटाच्या स्नायूंना घोडा जणू चालावयास शिकवितो.

पुढील काळात याच गोष्टीला शास्त्राचे पाठबळ मिळाले. डेन्मार्कमधील लिझ हार्टेल या स्त्रीला 1944 साली पोलिओ झाला आणि तिचे गुडघ्यांखालील पाय निकामी झाले. तिने पुन्हा घोड्यावर बसण्याचा ध्यास घेतला. घोड्यावर चढावयास व उतरावयास तिला दुसऱ्याची मदत लागे. पण 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिक सामन्यांत अश्वचालनाच्या शर्यतीत पुरुषांच्या बरोबरीने उतरून तिने रौप्यपदक मिळविले आणि 1956 साली ते पुन्हा मिळविले. त्यानंतर अपंग मुलांना व माणसांना घोडेस्वारीच्या द्वारे उपचार देणाऱ्या संस्था अनेक देशांत निघाल्या. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचा तोल सुधारावा म्हणून आज हा उपाय योजिला जातो, आणि युद्धातून मनाने खचून परतलेल्या सैनिकांना घोड्यांची निगा राखण्याचे काम देण्यात येते. घोडा म्हणजे सर्व रोगांवरील मात्रा, असा याचा अर्थ कोणी करू नये. वैद्याची जागा वैद्याचीच.

पण आम्हांस विष्णुपंतांच्या चरित्रातील जो भाग सर्वांत हृद्य वाटतो तो याहून निराळा आहे. त्यांचे गुरू हद्दूखाँ 1875 साली वारले. त्यांचे पुत्र रहिमतखाँ यांना ईश्वराने अलौकिक कंठ दिला होता. परंतु वडील आणि भाऊ यांच्या पश्चात हा तरुण गवई पार कोसळला. अफूचे व्यसन लागले, घर सुटले, आणि फिरत फिरत तो काशीस पोहोचला. ज्याच्या घराण्याचे गाणे राजदरबारात होत असे, तो तेथे भिकाऱ्यासारखा दिवस काढू लागला. सर्कशीच्या निमित्ताने काशीस गेले असता विष्णुपंतांना हा आपला गुरुपुत्र त्या स्थितीत आढळला.

दुसरा एखादा असता तर चार रुपये हातावर ठेवून पुढे गेला असता. विष्णुपंतांनी रहिमतखाँना आपल्याबरोबर घेतले. सर्कस म्हणजे एक फिरते गाव. पहाटे घोड्यांच्या खिंकाळण्याने जागे व्हावे, ठरल्या वेळी जेवावे, ठरल्या वेळी तंबू उभारावा आणि ठरल्या वेळी मोडावा, असे शिस्तीचे जीवन. एका जागी बसलेल्या व्यसनी माणसाला दिवस संपता संपत नाही. येथे दिवसाला आकार होता. रहिमतखाँ घोड्यावर बसून कसरती करीत नव्हते, हे सांगावयास नको. पण ज्या पागेने आणि ज्या शिस्तीने विष्णुपंतांना घडविले होते, तिच्याच आश्रयाने या मोडलेल्या माणसाला थारा मिळाला. सर्कशीच्या मुक्कामात त्यांच्या गाण्याच्या बैठका होऊ लागल्या. जे लोक घोडे पाहावयास येत, त्यांच्या कानी ग्वाल्हेरचे अस्सल गाणे पडू लागले. महाराष्ट्राने पुढे त्यांस भूगंधर्व म्हणून गौरविले, आणि अब्दुल करीमखाँसारख्या थोर गवयावरही त्यांच्या गायकीची छाप पडली.

रहिमतखाँ पूर्ण बरे झाले असे मात्र म्हणता येणार नाही. ते अखेरपर्यंत भोळे आणि लहरीच राहिले. त्यांचा व्यवहार दुसऱ्यानेच सांभाळावा लागे. बिचकलेल्या घोड्याला सांभाळणाऱ्या विष्णुपंतांना असा माणूस सांभाळणे जड गेले नसावे, असे आम्हांस वाटते. बिचकलेल्या जनावराला रागावून उपयोग नसतो. त्याला वेळ द्यावा लागतो आणि रोज त्याच वेळी त्याच जागी आपण दिसावे लागते.

सर्कशीचा विस्तार झपाट्याने झाला. फिरत फिरत ती दक्षिणेत मलबारातील तेल्लिचेरी येथे गेली असता तेथील व्यायामशिक्षक कीलेरी कुन्हिकण्णन यांची विष्णुपंतांशी गाठ पडली, आणि त्या भेटीतून केरळात सर्कशीची कला रुजली. कुन्हिकण्णन यांनी 1901 साली तेथे सर्कशीचे शिक्षण देणारी शाळाच काढली. इकडे सांगली-मिरजेच्या टापूतून देवल, कार्लेकर अशा मंडळींच्या सर्कशी निघाल्या. यांची हकीकत स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आमच्या परिसरातील वारली घरांत लग्नाच्या वेळी सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक काढतात. त्या चित्रांत घोडा असतो. घोड्यावर बसलेले वधूवर असतात, पाचशिऱ्या देवही असतो. वास्तविक अंगणात घोडा बांधलेला कोणाच्याच घरी नाही. तरी मंगल प्रसंगी तो भिंतीवर यावाच लागतो. आमच्या विद्यार्थ्यांनी हे चित्र पुष्कळदा पाहिले असेल. पुढच्या वेळी पाहताना त्यांनी त्या घोड्याचे कान कोणत्या दिशेस काढले आहेत, तेवढे अवश्य पाहावे.

विष्णुपंत 1905 साली निवर्तले. सर्कशीचा कारभार त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनी सांभाळला आणि त्याबरोबर रहिमतखाँनाही सांभाळले. ती जबाबदारी बंधूच्या मागे त्यांनी टाकून दिली नाही. म्हातारपणी रहिमतखाँच्या गाण्याच्या काही ध्वनिमुद्रिका निघाल्या. आवाज थकलेला, पण स्वर तोच. 1922 साली कुरुंदवाड येथे, जेथील पागेतून ही सर्कस निघाली होती त्याच गावी, त्यांनी देह ठेवला.